फिचिनोचा शनी आणि मेदिचींचा आश्रय : प्रबोधनकालीन वैद्यकीय ज्योतिषाविषयी

ताडपत्र (धागाकर्ता)

इटालियन तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याचा ‘दे विता’ (जीवनाविषयी) हा तीन भागांचा ग्रंथ डिसेंबर १४८९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये छापून प्रसिद्ध झाला. रात्रंदिवस वाचन-लेखन करणाऱ्या विद्वानांनी आपली प्रकृती कशी सांभाळावी, हा त्याचा विषय. पहिला भाग निरोगी राहण्याबद्दल आणि दुसरा दीर्घायुष्याबद्दल आहे. तिसऱ्या भागात आकाशस्थ ग्रहांचे बळ औषध, सुगंध, संगीत आणि ताईत यांच्या साह्याने देहात कसे उतरवावे, याचे विवेचन येते. प्लेटोचे सर्व संवाद लॅटिनमध्ये आणणाऱ्या माणसाने असा ग्रंथ का लिहिला, असा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो आणि बहुतेक जण ‘काळाचा प्रभाव’ एवढ्यावर त्याची बोळवण करतात. माझ्या मते या ग्रंथाचे खरे स्वरूप त्याच्या अर्पणपत्रिकांमधून उलगडते. कोणता भाग कोणाला अर्पण केला आणि त्या व्यक्तीकडून लेखकाला काय मिळाले किंवा मिळण्याची आशा होती, हे पाहिल्याशिवाय त्यातले ज्योतिषही नीट समजत नाही.

फिचिनोचा जन्म १४३३ मधला, फिलिने या गावचा. त्याचे वडील वैद्य होते आणि फ्लॉरेन्सवर वर्चस्व असलेल्या धनाढ्य मेदिची घराण्याशी त्यांचा संबंध होता. १४६२-६३ च्या सुमारास त्या घराण्याचा प्रमुख कोसिमो दे मेदिची याने फिचिनोला फ्लॉरेन्सजवळच्या करेज्जी येथे घर व जमीन दिली, प्लेटोची ग्रीक हस्तलिखिते दिली आणि भाषांतराचे काम सोपवले. त्यातही मॅसिडोनियातून आलेले, हर्मीस त्रिस्मेगिस्तस या पुराणपुरुषाच्या नावावर असलेले ग्रंथ आधी कर, प्लेटो मागाहून, असा कोसिमोचा आग्रह होता, कारण मरणापूर्वी त्याला ते वाचायचे होते. फिचिनोने ते १४६३ मध्ये पूर्ण केले. कोसिमो १४६४ च्या ऑगस्टमध्ये वारला आणि अखेरच्या दिवसांत फिचिनोने त्याला प्लेटोचे संवाद वाचून दाखवले. म्हणजे अभ्यासाचा क्रमसुद्धा आश्रयदात्याच्या वयाने आणि प्रकृतीने ठरवला होता. पुढे ‘दे विता’च्या आरंभी फिचिनो लिहितो की आपल्याला दोन पिते लाभले, वैद्य फिचिनो आणि कोसिमो, पहिल्यापासून जन्म झाला, दुसऱ्यामुळे पुनर्जन्म, पहिल्याने आपल्याला देहांचा वैद्य जो प्राचीन ग्रीक गेलेन त्याच्या हवाली केले आणि दुसऱ्याने आत्म्यांचा वैद्य जो प्लेटो त्याच्या. हे विधान केवळ कृतज्ञतेपोटी आलेले नाही. वैद्यक आणि तत्त्वज्ञान ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, ही साऱ्या ग्रंथाची भूमिका त्यात मांडलेली आहे.

आता शनीकडे येऊ. फिचिनोच्या पत्रिकेत कुंभ लग्न होते आणि लग्नी शनी होता. आपल्या स्वभावावर शनीने खिन्नतेचा शिक्का मारला आहे, अशी तक्रार त्याने आपला मित्र जोव्हान्नी कावाल्कांती याच्याकडे पत्राने केली होती. मित्राने त्याला चांगलेच सुनावले : ही बुद्धी, ही स्मरणशक्ती, हा व्यासंग तुला ज्याने दिला त्याच ग्रहाला तू दूषण देतोस! त्यावर फिचिनोने माघार घेतली आणि ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ‘समस्या’ या ग्रंथाचा आधार घेतला. सर्व असामान्य माणसे खिन्न प्रकृतीची का असतात, असा प्रश्न तिथे विचारलेला आहे. गेलेनच्या परंपरेतले रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे चार देहरस, त्यांपैकी काळ्या पित्ताचा अधिपती शनी, आणि त्या प्रश्नातील असामान्य माणूस, अशा तीन निरनिराळ्या ठिकाणच्या गोष्टी फिचिनोने एकत्र गुंफल्या. चिंतनामुळे मेंदू कोरडा व थंड पडतो, त्यातून काळे पित्त वाढते, आणि ते मर्यादेत राहिले तर प्रतिभा, मर्यादा ओलांडली तर उन्माद, असे ते शास्त्र. विद्वत्ता हा एक व्यवसाय आहे, त्याचे स्वतःचे विकार आहेत आणि त्यांवर स्वतंत्र उपचार हवेत, हे इतक्या तपशिलाने मांडणारा त्याच्या आधीचा ग्रंथ मला तरी माहीत नाही. असा वर्ग मुळात अस्तित्वात होता, तो आश्रयदात्यांमुळे. उदरनिर्वाहाची चिंता न करता वर्षानुवर्षे एका ग्रंथावर बसता येणे, हे देणगीचे फळ होते आणि फिचिनोच्या मते त्याचा आजारही तिथूनच सुरू होत होता.

उपचारांचा तपशील वाचण्यासारखा आहे. शनीच्या थंड, कोरड्या प्रभावाला उतारा म्हणून रवी, गुरू आणि शुक्र या तीन शुभ ग्रहांचे पदार्थ घ्यायचे : सोने, केशर, मध, दालचिनी, सुगंधी मद्य. हिरवा, सोनेरी आणि निळा हे रंग नजरेसमोर ठेवायचे, मोकळ्या हवेत फिरायचे, वाद्य वाजवायचे. तो स्वतः वाद्याच्या साथीने स्तोत्रे गात असे. दुसऱ्या भागात बाल येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांच्या नावाने गोळ्या आहेत. दोन भाग ऊद, एक भाग बोळ आणि थोडा सोन्याचा वर्ख सोनेरी मद्यात घोटायचा, तोही चंद्राचा रवीशी किंवा गुरूशी शुभ योग असताना. बायबलातल्या तीन भेटवस्तू, वैद्याचा खल आणि पंचांग या कृतीत एकत्र आले आहेत.

तिसऱ्या भागाची कथा सर्वांत लक्षणीय आहे. तो मुळात प्लेटोच्या परंपरेतला प्राचीन तत्त्वज्ञ प्लॉटायनस याच्या एका प्रकरणावरील भाष्य म्हणून तयार होत होता, आणि प्लॉटायनसचे सगळे काम कोसिमोचा नातू लोरेन्झो दे मेदिची याच्यासाठी चालले होते. फिचिनोने ते भाष्य वेगळे काढले आणि लोरेन्झोच्या संमतीने हंगेरीचा राजा मात्याश कोर्विनस याला अर्पण केले. मात्याशच्या दरबारात ज्योतिषाला मोठा मान होता. रेगिओमोंतानुससारखा गणिती आणि मार्टिन बिलिका हा राजज्योतिषी त्याच्या पदरी होते. फिचिनोने त्याला आपल्या पत्रसंग्रहाचे काही भाग आधीच अर्पण केले होते आणि त्याचा मित्र फ्रान्चेस्को बांदिनी बुडा येथे राहून दोन्हीकडचा दुवा सांभाळत होता. ज्या भागात ज्योतिष सर्वाधिक, धोका सर्वाधिक, तोच भाग दूरच्या, ज्योतिषप्रेमी राजाकडे जावा, यामागे फिचिनोचा विचार असला पाहिजे असे मला वाटते. आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

सुश्रुतवाचक

विषय उत्तम मांडला आहे. मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून एक गोष्ट जोडते. फिचिनोला वेगळे काढून पाहिले तर त्याचे ज्योतिष एखाद्या तत्त्वज्ञाचा छंद वाटेल, पण त्या काळच्या साध्या वैद्यालाही पंचांगावाचून काम करता येत नव्हते. मेषेचा अंमल मस्तकावर, वृषभेचा मानेवर, असे करत मीनेचा पावलांवर. ज्या अवयवाच्या राशीत चंद्र असेल त्या अवयवाला शस्त्र लावू नये, हा नियम प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या नावावरील एका सूत्रसंग्रहातून आला होता आणि रक्तमोक्षण करणारे, म्हणजे शीर उघडून रक्त काढणारे, तो पाळत असत. गेलेनने निर्णायक दिवसांवर, म्हणजे रोग ज्या दिवशी वळण घेतो त्यांवर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि तापाचा सातवा, चौदावा व विसावा दिवस चंद्राच्या गतीशी जोडला होता. बोलोन्या विद्यापीठाच्या १४०५ च्या नियमांत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी ज्योतिषाचा चार वर्षांचा क्रम होता आणि तिथल्या ज्योतिषाच्या अध्यापकाने दर वर्षी भाकीत व पंचांग तयार करून द्यायचे असे. माइन्झमध्ये छपाई सुरू झाल्यावर अगदी आरंभी जे छापले गेले त्यात १४५७ सालासाठीचे रक्तमोक्षणाचे पंचांग होते.

म्हणून माझा प्रश्न असा : जे ज्ञान विद्यापीठात शिकवले जात होते आणि गावोगावचे वैद्य वापरत होते, त्याचे श्रेय आश्रयदात्यांना कितपत द्यावे?

ताडपत्र

@सुश्रुतवाचक, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके करता येते. चंद्र पाहून शीर उघडणे हे रोजचे, सर्वमान्य काम होते. तारे कल दाखवतात, सक्ती करत नाहीत, या मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या भूमिकेमुळे धर्मपीठालाही त्यात फारसे वावगे वाटत नव्हते. ताईत आणि ग्रहांना उद्देशून गायलेली स्तोत्रे ही गोष्ट निराळी होती, कारण तिथे औषधाचा नैसर्गिक गुण कुठे संपतो आणि एखाद्या अदृश्य शक्तीची आराधना कुठे सुरू होते, हे ठरवणे कठीण असे. अरबी परंपरेतून आलेले, ताइतांची कृती सांगणारे ‘पिकात्रिक्स’सारखे ग्रंथ फिचिनोने वापरले आहेत, पण त्या ग्रंथाचे नाव त्याने घेतलेले नाही. मूत्रपिंडाच्या वेदनेवर सोन्यावर कोरलेल्या सिंहाच्या मुद्रेची माहिती तो देतो आणि लगेच आपण ताइतांपेक्षा औषधांवर अधिक भिस्त ठेवतो असेही सांगतो. सर्वमान्य वैद्यकाच्या पलीकडचे हे पाऊल टाकायला पाठीशी कोणीतरी उभे असणे आवश्यक होते. विद्यापीठातल्या अध्यापकाला ते बळ क्वचितच मिळत असे.

तर्कनिष्ठ

धागा वाचनीय आहे, तरी एक मूलभूत शंका नोंदवतो. आश्रय आणि ज्योतिष यांची सांगड घालताना आपण त्या काळातल्या विरोधकांना विसरू नये. तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरांदोला हाही लोरेन्झोच्याच छत्राखाली होता, फिचिनोचा स्नेही होता, आणि त्यानेच भाकितांच्या ज्योतिषावर बारा पुस्तकांचे खंडन लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात वैद्यकीय ज्योतिषही सुटलेले नाही. तापाचे निर्णायक दिवस रोगाच्या स्वतःच्या गतीने येतात, त्यासाठी चंद्राची गरज नाही आणि वैद्याने आकाशाऐवजी रोग्याकडे पाहावे, असा त्याचा रोख आहे. सिएनाचा लुचिओ बेल्लांती, जो स्वतः वैद्य होता, त्याने १४९८ मध्ये पिकोला उत्तर दिले. म्हणजे एकाच घराण्याच्या आश्रयाने ज्योतिषाचे समर्थन आणि त्यावरचा कडवा हल्ला या दोन्ही गोष्टी वाढल्या. मग आश्रय हे कारण कसे ठरेल? माझ्या दृष्टीने पिको हा त्या काळाचा अधिक स्वच्छ विचार आहे आणि त्याला अशा चर्चांत दुय्यम स्थान मिळते याचे मला वाईट वाटते.

कोजागिरी

तर्कनिष्ठ यांच्या मताचा आदर राखून सांगते की फिचिनो आणि पिको यांना समोरासमोर उभे करणे तितके सोपे नाही. फिचिनोने स्वतः १४७७ च्या सुमारास ज्योतिष्यांच्या निवाड्यांविरुद्ध एक प्रबंध लिहिला होता, तो त्याने प्रसिद्ध केला नाही. १४९४ च्या ऑगस्टमध्ये कवी व विद्वान पोलित्सियानो याला पाठवलेल्या पत्रात तो पिकोच्या खंडनाचे स्वागत करतो. मानवी इच्छेला बांधून टाकणारे भाकीत त्याला मान्य नव्हते. औषध घेण्याची योग्य वेळ आणि पदार्थांचे ग्रहांशी असलेले नाते मान्य होते. ही भूमिका निसरडी आहे हे खरे, पण ती दांभिक नाही. तो १४७३ मध्ये धर्मगुरू झाला होता आणि पुढे फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या धर्ममंडळात होता, हेही लक्षात ठेवावे. त्याला स्वतःच्या मनाशीही हा हिशोब जुळवावा लागत असणार.

आश्रयाने मत ठरत नसेल, पण मताला संरक्षण मिळत होते. ‘दे विता’च्या शेवटी तीन पिएरोंना उद्देशून लिहिलेले समर्थन जोडलेले आहे : पिएरो देल नेरो, पिएरो ग्विच्चार्दिनी आणि पिएरो सोदेरिनी. आपण जादूचे अनुमोदन करत नाही, प्लॉटायनसचा अर्थ लावताना तिचे केवळ कथन करतो, असा त्याचा बचाव आहे. पुढच्याच वर्षी रोममध्ये पोप आठवा इनोसंट याच्यापुढे जादूविषयीची तक्रार गेलीच. तेव्हा फ्लॉरेन्सचा आर्चबिशप रिनाल्दो ओर्सिनी, जो लोरेन्झोच्या पत्नीच्या माहेरचा, आणि व्हेनिसचा विद्वान एर्मोलाओ बार्बारो यांनी शब्द टाकला आणि प्रकरण मिटले. असे मध्यस्थ ज्याच्याजवळ नव्हते त्याने हा ग्रंथ लिहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

ताडपत्र

@कोजागिरी, मनापासून आभार. मी ज्याला विचारपूर्वक केलेली मांडणी म्हणत होतो तिचा हा उत्तम पुरावा आहे, कारण समर्थन हे तक्रारीच्या आधी लिहून ठेवलेले होते.

@तर्कनिष्ठ, पिकोबद्दलचा आपला आदर मलाही वाटतो. आश्रय हे मताचे कारण आहे असे मी म्हणत नाही. आश्रयामुळे प्रश्न विचारायला मोकळीक आणि लिहायला वेळ मिळतो, मग त्यातून समर्थनही निघते आणि खंडनही. मात्र आश्रय हा एकसंध प्रवाह होता असेही मानू नये. एप्रिल १४७८ मध्ये पाझ्झी घराण्याने लोरेन्झोवर प्राणघातक हल्ला घडवून आणला, त्यात त्याचा भाऊ जुलिआनो मारला गेला. त्या कटात फासावर गेलेल्या फ्रान्चेस्को साल्व्हियाती आणि याकोपो ब्राच्चोलिनी यांच्याशी फिचिनोचा स्नेह होता. त्यानंतर काही वर्षे लोरेन्झोशी त्याचे नाते पूर्वीसारखे राहिले नाही. १४८४ मध्ये छापलेल्या प्लेटोच्या भाषांतराचा खर्च फिलिप्पो वालोरी याने उचलला, आणि ‘दे विता’चा दुसरा भाग त्याच वालोरीला अर्पण केलेला आहे. तीन भागांच्या तीन अर्पणपत्रिका, म्हणजे लोरेन्झो, वालोरी आणि मात्याश, एका विद्वानाच्या आयुष्यातील आधार कसे विभागले गेले होते ते दाखवतात. मात्याश १४९० च्या एप्रिलमध्येच वारला, त्यामुळे त्या तिसऱ्या अर्पणपत्रिकेतून फारसे काही निष्पन्न होण्याची शक्यताच उरली नाही.

मांडवीकाठ

फिचिनोच्या औषधांत हिरड्याला मोठे स्थान आहे, याचा उल्लेख मूळ लेखात यायला हवा होता. वार्धक्य लांबवणारे आणि बुद्धी तल्लख ठेवणारे द्रव्य म्हणून तो हिरड्याची वारंवार स्तुती करतो. अरबी वैद्यांच्या ग्रंथांतून ही द्रव्ये युरोपच्या औषधिकोशात शिरली होती आणि माल भारतातून व्यापारी मार्गाने पोचत असे. फ्लॉरेन्सच्या विद्वानाने हिरड्याचे झाड पाहिलेले असण्याचा प्रश्नच नव्हता.

ही उणीव भरून निघाली ती आमच्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा सालामांका आणि अल्काला येथे शिकलेला पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये आपला आश्रयदाता मार्टिम अफोन्सो द सोझा याच्याबरोबर भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात हिरड्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून युरोपात एकत्र गणले जाणारे पाच प्रकार वेगवेगळ्या झाडांचे असल्याचे सांगितले. त्याचा ग्रंथही त्याच सोझाला अर्पण केलेला आहे. फरक इतकाच की ओर्ता ग्रहांकडे फारसा वळत नाही. झाड कुठे वाढते, स्थानिक वैद्य ते कसे वापरतात, हे तो विचारत बसतो. मात्र आश्रयदात्याचे कवच ओर्ताच्या मरणाबरोबर संपले. ओर्ता १५६८ मध्ये वारला, १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायालयाने जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या, कारण हे कुटुंब मूळचे ज्यू होते. गोव्याच्या इतिहासातले हे प्रकरण वाचताना अजूनही मन विषण्ण होते.

सुश्रुतवाचक

आश्रयदाता आणि वैद्य यांच्या नात्यातला धोका उलट दिशेनेही होता. लोरेन्झोच्या अखेरच्या आजारात स्पोलेतोचा पिएरलेओने लेओनी हा वैद्य त्याच्याजवळ होता. हा फिचिनोचा मित्र, मोठा ग्रंथसंग्राहक आणि ज्योतिषाचा जाणकार. शेवटी मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याने पाठवलेला लाझ्झारो नावाचा वैद्य आला आणि त्याने रत्ने व मोती कुटून केलेले औषध दिल्याचे पोलित्सियानोने लिहून ठेवले आहे. ८ एप्रिल १४९२ रोजी करेज्जी येथेच लोरेन्झो वारला आणि लगोलग पिएरलेओनेचे प्रेत एका विहिरीत सापडले. त्याने जीव दिला की त्याला ढकलले, यावर तेव्हाही वाद होता. रोग्याच्या मर्जीवर ज्याचे सगळे अवलंबून, त्या वैद्याला रोगी गेल्यावर कुणी वाली उरत नव्हता.

अभ्यागत

या चर्चेत कार्दानोचे नाव यायलाच हवे. मिलानचा वैद्य, गणिती आणि ज्योतिषी जेरोलामो कार्दानो १५५२ मध्ये स्कॉटलंडचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या दम्यावर उपचार करायला एडिंबराला गेला. त्याने आहार, झोप आणि दिनक्रम बदलला, पिसांचे अंथरूण काढायला लावले, आणि हॅमिल्टनला उतार पडला. त्याची पत्रिकाही मांडली. परतताना लंडनमध्ये त्याने बालराजा सहावा एडवर्ड याची पत्रिका मांडली. तेविसाव्या, चौतिसाव्या आणि पंचावन्नाव्या वर्षी आजार येतील असे सांगितले. एडवर्ड पुढच्याच वर्षी जुलैमध्ये, पंधराव्या वर्षी वारला. कार्दानोने ती पत्रिका दडपली नाही. १५५४ मध्ये टॉलेमीवरील भाष्याबरोबर त्याने ती छापली आणि अंदाज कुठे चुकला याचा खुलासाही जोडला. हॅमिल्टनला मात्र १५७१ मध्ये राजकीय संघर्षात फाशी झाली.

मला यात विशेष वाटते ते असे की अंथरुणाविषयीचा सल्ला आणि पत्रिका हे एकाच वैद्याच्या एकाच कामाचे भाग होते. आपण आज त्यातला पहिला भाग ठेवतो आणि दुसरा टाकतो. कार्दानोला तसे करता येत नव्हते, कारण दोन्हीकडे तो सारख्याच निरीक्षणबुद्धीने पाहत होता.

तर्कनिष्ठ

अभ्यागत यांचे उदाहरण मला पटले. चुकलेले भाकीत छापून त्याची चिकित्सा करणे ही वृत्ती पिकोच्या खंडनाइतकीच मोलाची आहे. एक शेवटचा प्रश्न धागाकर्त्यांना : अर्पणपत्रिका आणि पत्रिका यांचे हे नाते कधी संपले असे मानायचे?

ताडपत्र

@तर्कनिष्ठ, निश्चित वर्ष सांगता येणार नाही. ‘दे विता’च्याच आवृत्त्या सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत निघत राहिल्या, एकूण तीसच्या आसपास. पण आपण विचारलेल्या नात्याचे सर्वांत परिचित उदाहरण १६१० मधले आहे. पादुआत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गणित व खगोल शिकवणारा, स्वतः पत्रिका मांडणारा गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहतो आणि त्यांना मेदिचींचे तारे असे नाव देऊन पुस्तक तोस्कानाचा ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो याला अर्पण करतो. त्या अर्पणपत्रिकेत तो लिहितो की कोसिमोच्या जन्मवेळी गुरू आकाशाच्या मध्यावर होता आणि त्याचे सारे सद्गुण त्या ग्रहाकडून आलेले आहेत. त्याच उन्हाळ्यात त्याची ग्रँड ड्यूकचा तत्त्वज्ञ आणि गणिती म्हणून नेमणूक झाली आणि तो पादुआ सोडून फ्लॉरेन्सला राहायला आला.